वेगळं व्हायचंय ना? मग विजेचं कलम आधी लिहा

विदर्भ वेगळा व्हावा या मताचा मी आहे. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, आणि नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या शब्दांचं पुढे काय झालं ते नागपुरात कुणाला सांगायची गरज नाही. तेव्हा ही पोस्ट मागणीच्या विरोधात नाही. ती मागणी करणाऱ्या आपल्याच माणसांसाठी आहे, कारण आपल्या सभांमध्ये विजेबद्दल जे बोललं जातं ते मला आता पटत नाही.

बोललं जातं ते असं: कोळसा आमचा, पाणी आमचं, राख आमच्या छातीत आणि दिवे मुंबई-पुण्याला. वेगळे झालो की हीच वीज विकू आणि राज्य चालवू.

यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. इथली कोळशाची वीजकेंद्रं बघा: चंद्रपूर २९२० मेगावॅट, कोराडीचे ६६० चे तीन संच मिळून १९८०, खापरखेडा १३४०, पारस ५००, मौदा २३२०, तिरोडा ३३००. एवढ्यातच बारा हजारांच्या वर गेलो, आणि कोराडीला ६६० चे आणखी दोन संच आणायचं ठरलंय. राखेच्या तलावांशेजारच्या गावांत उन्हाळ्यात वारा सुटला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यापुढे मी आकडे काय मांडू? पण दुसरा भाग, वीज विकून राज्य चालवण्याचा, त्याचे दिवस भरत आलेत. हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते ब्रिटनकडे बघताना.

ब्रिटन अशासाठी की एक मोठा देश सामाईक ऊर्जा कायदे असलेल्या संघातून उठून बाहेर पडला आणि पुढे काय झालं याची काही वर्षांची नोंद आपल्यासमोर आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ते बाहेर पडले, त्याच वर्षाअखेर संक्रमणकाळही संपला. तेव्हा मोठी भीती अशी होती की अक्षय ऊर्जेचं बंधन तर युरोपने घातलेलं. २००९ च्या युरोपीय निर्देशानुसार ब्रिटनला २०२० पर्यंत एकूण ऊर्जावापरातला १५ टक्के वाटा अक्षय स्रोतांतून आणायचा होता. बंधन सुटलं की पवनचक्क्या कोण उभारणार? सार्वमतानंतर तीन आठवड्यांत थेरेसा मे पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी ऊर्जा व हवामान बदल खातंच उद्योग खात्यात विलीन करून टाकलं, तेव्हा ही भीती खरी ठरणार असंच वाटत होतं.

ती खरी ठरली नाही. याचं कारण आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. ब्रिटनचा हवामान बदल कायदा २००८ चा आहे आणि तो त्यांच्या स्वतःच्या संसदेने केलेला आहे. १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन ८० टक्के कमी करायचं, असं त्यात होतं. जून २०१९ मध्ये, बाहेर पडण्यावरून संसदेत रणकंदन चालू असताना, त्यांनी ते ८० टक्के बदलून निव्वळ शून्य केलं, म्हणजे जेवढं उत्सर्जन होईल तेवढं शोषूनही घ्यायचं. दुसरी गोष्ट २०१३ च्या ऊर्जा कायद्याची. त्यातून वीज उत्पादकाला पंधरा वर्षांचा ठरलेल्या दराचा करार मिळायला लागला. बाजारभाव खाली गेला तर फरक त्याला मिळतो, वर गेला तर त्याने परत द्यायचा. हा करार सरकारी मालकीच्या कंपनीशी होतो, त्यामुळे युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधल्या मुख्यालयात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही. समुद्रातल्या पवनऊर्जेचा दर २०१५ च्या लिलावात मेगावॅट-तासाला सुमारे ११५ ते १२० पौंड होता, तो २०१७ मध्ये ५७.५० वर आणि २०२२ मध्ये ३७.३५ वर आला (सगळे आकडे २०१२ च्या किमतींत). म्हणजे सार्वमत, राजीनामे, निवडणुका हे सगळं चालू असताना. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरचं वीजकेंद्र सुरू करणाऱ्या या देशाने आपलं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं.

आणि जिथे ते चुकले तिथेही संघाचा दोष नव्हता. इंग्लंडमध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्या २०१५ च्या नियोजन नियमांनी जवळजवळ बंदच पाडल्या, तेव्हा ते युरोपीय संघातच होते. ती अडवणूक उठली जुलै २०२४ मध्ये, सरकार बदलल्यावर. २०२३ च्या लिलावात समुद्री पवनऊर्जेची एकही बोली आली नाही, कारण पोलाद आणि व्याजदर वाढले असताना सरकारने कमाल दर फार कमी ठेवला होता. पुढच्या वर्षी दर वाढवला, बोल्या आल्या.

बाहेर पडण्याचा थोडा फायदाही झाला, तो मान्य करायला हवा. युरोपीय न्यायालयाच्या २०१५ च्या निकालामुळे ब्रिटनला सौर पॅनेल बसवण्यावरची करसवलत आवळावी लागली होती. बाहेर पडल्यावर एप्रिल २०२२ पासून त्यांनी घरांसाठीचा हा कर थेट शून्य केला. उत्तर आयर्लंडला मात्र ती सवलत लगेच मिळाली नाही, कारण तिथे युरोपचे नियम लागू राहिले होते.

नुकसान झालं ते तारांवर. ब्रिटन समुद्राखालच्या केबलने फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क यांच्याशी जोडलेला आहे. केबल कुणी तोडल्या नाहीत, उलट बाहेर पडल्यानंतर नव्या टाकल्या. डेन्मार्कची १४०० मेगावॅटची केबल २०२३ च्या शेवटी सुरू झाली. तुटला तो बाजार. आधी सगळ्या युरोपचा उद्याचा वीजबाजार, म्हणजे उद्या लागणाऱ्या विजेची आज होणारी खरेदी-विक्री, एकाच गणिताने सुटायचा, वीज आणि केबलमधली जागा एकत्रच ठरायची, आणि वीज आपोआप स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे जायची. जानेवारी २०२१ पासून केबलमधली जागा आधी वेगळ्या लिलावात घ्यायची आणि वीज वेगळी घ्यायची असं झालं. उद्याच्या भावाचा अंदाज चुकला की वीज कधीकधी उलट्या दिशेनेही वाहते. कोळशाच्या संचाला याने फारसा फरक पडत नाही, तो कमी-जास्त करता येतो. पण वारा सुटला की पवनऊर्जा एकदम येते, ती तेव्हाच कुणीतरी घ्यावी लागते. जेवढी अक्षय ऊर्जा जास्त तेवढी शेजाऱ्याची गरज जास्त. म्हणून ही तूट नेमकी स्वच्छ विजेला लागते. डिसेंबर २०२० च्या व्यापार करारात लिहिलं होतं की एप्रिल २०२२ पर्यंत नवी व्यवस्था उभी करू. ती उभी राहिलीच नाही.

कार्बनच्या बाजाराचंही, म्हणजे जिथे कारखाने उत्सर्जनाचे परवाने विकत घेतात त्याचंही, तेच. युरोपचा सोडून स्वतःचा काढला, २०२३ मध्ये तिथला भाव युरोपच्या कितीतरी खाली गेला, आणि आता युरोपने बाहेरून येणाऱ्या मालावर सीमेवर कार्बन शुल्क आणल्यावर १९ मे २०२५ च्या लंडनमधल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी हे बाजार पुन्हा जोडायच्या दिशेने जायचं ठरवलं.

पैशाचा मामला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. समुद्री पवनऊर्जेला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं कर्ज मिळायचं, ते सार्वमतानंतर आटलं. आणि त्याच सुमारास, २०१७ मध्ये, ब्रिटन सरकारने २०१२ साली काढलेली स्वतःची ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँक २.३ अब्ज पौंडांना विकून टाकली. बाहेरची बँक जाणार हे दिसत असताना घरची विकायची, आणि २०२१ मध्ये लीड्सला पुन्हा नवी सरकारी बँक काढायची. कशासाठी?

एकच तुकडा नीट वाचला, आयर्लंडचा. तिथे २००७ पासून ब्रिटनमधला उत्तर भाग आणि युरोपीय संघातला दक्षिणेकडचा स्वतंत्र देश मिळून एकच वीजबाजार आहे. तो टिकवायचा हे बाहेर पडण्याच्या करारातच स्पष्ट लिहिलं गेलं आणि तो आजही चालू आहे. आपल्याकडे भावांची वाटणी होते तेव्हा शेत तुटतं, विहीर सामाईक राहते, आणि पाण्याची पाळी कागदावर लिहिली असेल तरच पुढच्या पिढीत डोकी फुटत नाहीत.

आता आपल्याकडे या. विदर्भ वेगळा झाला तरी तो भारतातच राहणार, त्यामुळे ब्रिटनची अवस्था आपली होणार नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली तेव्हापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. अक्षय ऊर्जेचं बंधनही केंद्राचं आहे: वीज वितरण कंपन्यांनी २०२४-२५ मध्ये २९.९१ टक्के आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची. हे बंधन नव्या राज्यालाही पहिल्या दिवसापासून असेल.

वीज विकण्याचं स्वप्न इथेच अडतं. आपण कोळशाची वीज विकायला निघू तेव्हा घेणाऱ्या प्रत्येक राज्यावर हेच बंधन असणार. २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडला कोरबाची कोळशाची वीजकेंद्रं मिळाली आणि मध्य प्रदेश अंधारात गेला. विजेच्या टंचाईने तिथलं सरकार २००३ मध्ये पडलं असं म्हणतात, आणि आपल्या सभांमधला हिशेब अजून त्याच काळातला आहे. पण त्याच मध्य प्रदेशात पुढे रीवाचा ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला. २०१७ च्या त्याच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २.९७ रुपये निघाला आणि त्यातली वीज दिल्ली मेट्रोला जाते.

तेलंगणाचा अनुभव तर आपल्या दारातला. २०१४ मध्ये वीज खरेदी करार वापराच्या प्रमाणात वाटले गेले, तेलंगणाला ५३.८९ टक्के आणि आंध्रला ४६.११. तेलंगणाकडे हैदराबाद होतं, म्हणून वापराचं सूत्र त्यांच्या सोयीचं ठरलं. तरीही थकबाकीवरून भांडण झालं, २०१७ मध्ये आंध्रने वीज थांबवली, आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेच सूत्र आपल्याला लावलं तर काय होईल? वापर मुंबई-पुणे-नाशिकचा जास्त. म्हणजे चिमण्या आपल्याकडे आणि त्यातल्या बहुतेक विजेचे करार तिकडे, आजच्यासारखेच. पण याच सूत्राने साताऱ्याच्या, धुळ्याच्या पवनऊर्जेच्या करारांतला वाटाही आपल्याला मिळेल, आणि तो आपल्याला लागणार आहे. उलट, जे जिथे आहे ते त्याचं असं सूत्र धरलं तर कोयना आणि पवनचक्क्या तिकडे जातात, आणि इथल्या छोट्या वितरण कंपनीच्या गळ्यात हजारो मेगावॅट कोळशाचे करार पडतात. संच चालो न चालो, त्यांचा स्थिर आकार भरावाच लागतो. तो भरणार कोण? तुम्ही-आम्ही, वीजबिलात.

सूर्य आपल्याकडे आहे, हे खरंच. नागपुरात कुठल्याही उंच इमारतीवरून बघा, गच्च्यागच्च्यांवर पॅनेल दिसतात, आणि केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागल्यापासून मध्यमवर्गाने मनावर घेतलंय. पण मोठ्या प्रकल्पांना जमीन लागते. विदर्भातली पडीक दिसणारी कितीतरी जमीन कागदोपत्री झुडपी जंगल आहे आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली. तेव्हा नव्या राज्याची सौरऊर्जा आधी गच्च्यांवर, शेतीच्या फीडरवर, बंद पडणाऱ्या कोळसा संचांच्या आवारात आणि खाणींच्या ओसाड जागांवर उभी करावी लागेल. त्या जागांना ग्रिडची जोडणी बहुतेक ठिकाणी आधीच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की राज्यनिर्मितीच्या मसुद्यात विजेचं स्वतंत्र प्रकरण हवं, आणि ते दिल्लीत कुणी घाईघाईत लिहिण्याआधी आपण लिहावं. कोळशाचे जुने करार ज्याच्या वापरासाठी झाले त्याच्याकडेच राहावेत, राख हटवण्याचा आणि जमीन दुरुस्त करण्याचा खर्च वीज वापरणाऱ्याने द्यावा. पवन आणि जलविद्युतमधला आपला वाटा टक्क्यांत लिहावा. तोतलाडोहला १६० मेगावॅटची वीज आपण आणि मध्य प्रदेश आजही ठरलेल्या हिश्शाने वाटून घेतो, म्हणजे राज्यं वेगळी असून हे जमतं. वीज कायदा २००३ च्या कलम ८३ प्रमाणे दोन राज्यांना मिळून एकच नियामक आयोग ठेवता येतो, मणिपूर आणि मिझोरामचा तसा आहे. निदान पहिली काही वर्षं तो असावा, म्हणजे गच्चीवर पॅनेल लावलेल्या माणसाचे नेट मीटरिंगचे (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे) नियम एका रात्रीत बदलणार नाहीत. आणि ब्रिटनने २००८ मध्ये उत्सर्जनाचं उद्दिष्ट कायद्यात घातलं तसं, शेवटचा कोळसा संच कधी थांबवायचा ते वर्ष नव्या विधानसभेने पहिल्याच अधिवेशनात कायद्यात घालावं.

वेगळ्या विदर्भाच्या आंदोलनाच्या समितीतल्या मंडळींपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर सांगा. असा मसुदा करायला वीज मंडळातले निवृत्त अभियंते, एक-दोन वकील आणि राखेच्या तलावांजवळच्या गावांतले सरपंच एकत्र बसले पाहिजेत. जागा मी बघतो, रविवार कुठलाही चालेल.