वॉरंटीचा कागद आधी दाखवा, मग पैसे मागा

आमच्या बेळगावातल्या दुकानात टीव्ही पसंत झाला, भाव ठरला, कार्ड मशीनला लावलं, की हमखास कुणीतरी बाजूला येऊन उभा राहतो. "सर, तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घालू की ओ? फक्त २,९९९." माझं डोकं इथूनच तापायला लागतं. अर्धा तास आपण चित्र बघतोय, आवाज ऐकतोय, मागे एचडीएमआयची भोकं किती आहेत ते वाकून मोजतोय, तेव्हा या वॉरंटीबद्दल कुणी ब्र काढत नाही. विषय निघतो तो पैसे खिशातून बाहेर पडताना. मागे माणसं खोळंबलेली, आई स्टुलावर बसून दमलेली, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय. अशा घाईत माणूस हिशेब करत बसत नाही हे यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून नेमकी तीच वेळ साधतात.

वर आणि भीती घालायची. "आत्ता नाही घेतली तर नंतर मिळत नाही ओ." साफ खोटं. बऱ्याच टीव्ही कंपन्या आपली स्वतःची वाढीव वॉरंटी पहिलं वर्ष संपेपर्यंत विकतात. नंतर मिळत नाही ती दुकानाची योजना. ती चालवणारी कंपनी बऱ्याचदा तिसरीच कुठली तरी असते आणि त्यात दुकानाला कमिशन असतं. काउंटरवर हा फरक कुणी सांगत नाही. गिऱ्हाईक समजतं, टीव्हीवर ज्याचं नाव आहे त्याचाच माणूस येऊन दुरुस्त करणार.

आणि ती तीन वर्षं कुठली? पहिलं वर्ष कंपनी देतेच, बिलाबरोबर, फुकट. तेच वर्ष यांनी आपल्या तिनात मोजलंय! खोदून विचारल्यावर काउंटरवरचा पोरगा हळूच म्हणाला, "एक अधिक दोन, सर." म्हणजे २,९९९ रुपये दोनच वर्षांचे. शिवाय काही कंपन्या पॅनेलला म्हणजे पडद्याला आणखी एक वर्ष देतात. तसा टीव्ही असेल तर दुसऱ्या वर्षातही सगळ्यात महाग भाग कंपनीच्याच जिवावर. मग आपण पैसे नक्की कशाचे भरतोय, हे विचारलं की उत्तर येतं, "सेफ्टी असते, सर."

मी म्हटलं, अटींचा कागद द्या, वाचतो. त्याने ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेलं एक कार्ड काढलं. ढालीचं चित्र, हिरवी बरोबरची खूण, खाली "संपूर्ण संरक्षण". म्हटलं, ही जाहिरात झाली, अटी कुठायत? "त्या मेसेजवर येतात की ओ." कधी? "पेमेंट झाल्यावर. तुम्हाला ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा." मोबाइल बघतो तर खरंच आलेला. मेसेज इंग्रजीत, आणि त्याचा अर्थ असा की हा आकडा सांगितला म्हणजे योजनेच्या सर्व अटी मी वाचल्या आणि मला त्या मान्य आहेत. ज्या अटी अजून माझ्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत! किती म्हाताऱ्या माणसांनी या काउंटरवर "डिलिव्हरीसाठी लागतो" असं समजून तो आकडा सांगून टाकला असेल? आमच्या आईच्या नंबरवर आला असता तर तिनेही सांगितला असता. तिला मराठी वाचता येतं, कन्नड बोललेलं कळतं, इंग्रजी येत नाही. माझ्या मागे एक कन्नड बोलणारे गृहस्थ उभे होते, तेही म्हणाले, मलाही हे वाचता येत नाही. मराठीत नसेल तर निदान कन्नडमध्ये असावं, तेही नाही. इथे ना त्यांची सोय ना आमची. अटी इंग्रजीत, फोन लावला तर "कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा", आणि कार्डावरची ढाल मात्र मराठीत.

मी हटलो नाही. शेवटी मॅनेजरने टॅबवर अटी उघडल्या आणि मी तिथेच उभा राहून वाचल्या. काय धरणार ते एका परिच्छेदात. काय धरणार नाही ते त्यापुढे बोटाने सरकवत सरकवत संपेना. व्होल्टेजचे चढउतार नाही. वीज कोसळून झालेलं नुकसान नाही. पूर, ओल, गळती नाही. किडे, पाली, उंदीर नाही. पडद्याला तडा नाही. पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहून डाग पडला तर नाही. रिमोट नाही. सॉफ्टवेअरची अडचण नाही. म्हणजे दोन वर्षांनी अ‍ॅप चालायचं बंद झालं तर तुमचं तुम्ही बघा.

आता मला सांगा, आपल्या भागात टीव्ही जातो कशाने?

वळवाने जातो! एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, झाडाची फांदी तारेवर पडते. फांदीने न्यूट्रल म्हणजे परतीची तार तुटली की फेजमधला म्हणजे वीज आणणाऱ्या तारांमधला तोल जातो आणि २३० व्होल्टच्या जागी घरात तीनशेच्या वर, कधी चारशेच्या आसपास व्होल्टेज येतं. दिवे लखकन उजळतात आणि गल्लीतल्या चार घरांतले टीव्ही, फ्रिज, पंख्याचे रेग्युलेटर एका दमात खलास. शहापूर, वडगावच्या जुन्या कौलारू घरांत अर्थिंग धड नाही, वायरिंग वडिलांच्या काळातलं. पुढे खानापूरकडे गेलात तर विजांचा कडकडाट आणि चार महिने ओल. या मुलखात टीव्ही ज्याने मरतो ते सगळं वगळून उरलेल्याची वॉरंटी आम्हाला विकायची आणि तिला "संपूर्ण" म्हणायचं? लाज कशी वाटत नाही?

जांबोटीकडे राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने असली वॉरंटी घेतली होती. वीज चमकली तेव्हा तिने टीव्हीचा प्लग काढला होता, पण डिशची वायर तशीच राहिली. ती छतावरून थेट सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत. टीव्ही बंद पडला. तंत्रज्ञ येईपर्यंत घरात मोबाइलवर बातम्या. मग एक दिवस तो आला, मागचं झाकण उघडलं, बोर्डावर एचडीएमआयच्या भोकापाशी चिमटीत मावेल एवढा काळा डाग होता, त्याचा फोटो काढला आणि फॉर्मवर "बाह्य कारण" असं लिहून निघून गेला. दुरुस्ती नाही. भरलेले पैसेही परत नाहीत. ती बिचारी फोनवर हिंदीतून भांडली, समोरून एकच वाक्य, "टर्म्समध्ये लिहिलंय मॅडम." कुठल्या टर्म्स? तिच्या हातात होतं ते लॅमिनेट कार्डच.

निपाणीच्या एका ओळखीच्यांचं तर त्याहून वाईट. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब, म्हणून त्यांनी टीव्ही कोल्हापुरात घेतला. निम्मी निपाणी तशीच करते. दुकानाने वॉरंटी विकताना पत्ता विचारला, लिहून घेतला, पैसेही घेतले. टीव्हीच्या पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्यावर फोन केला तर म्हणतात, तुमचा पिन कोड ५९१ ने सुरू होतो, तो आमच्या यादीत नाही, टीव्ही कोल्हापूरला घेऊन या. कर्नाटकाच्या बाजूला विचारलं तर म्हणे बिल महाराष्ट्राचं आहे, तिकडेच बोला. ५५ इंची टीव्ही काय बगलेत मारून न्यायचा? पैसे घेताना सीमा आडवी येत नाही, माणूस पाठवताना बरोबर येते. सीमाभागातल्या लोकांना हे सगळीकडेच सोसावं लागतं, पण निदान पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीत तरी हे होऊ नये.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे ४०,००० चा टीव्ही ३,१२५ रुपयांनी स्वस्त व्हायला हवा. लोक खूश होऊन दसऱ्याला दुकानात गेले आणि दुकानात काय ऐकू आलं? "टॅक्स कमी झालाय नव्हं सर, वाचलेल्या पैशात वॉरंटी घालून टाका." सरकारने सोडलेले तीन हजार त्याच काउंटरवर काढून घ्यायचे! हप्त्यावर घेणाऱ्यांना तर समजतही नाही. महिन्याला अडीचशे वाढले एवढंच दिसतं, वॉरंटी कर्जातच मिसळून जाते आणि बिलावर तिची वेगळी ओळ आहे हे घरी आल्यावर कुणीतरी शिकलेला भाचा दाखवतो.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणणार, पॅनेल गेलं तर काय? हो, तो प्रश्न खरा आहे. पॅनेल म्हणजे टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा, वॉरंटी संपल्यावर ते बदलायचं तर बऱ्याचदा नवा टीव्ही घेणंच परवडतं. म्हणून मोठा, महागाचा टीव्ही असेल आणि कंपनी स्वतः पॅनेलसकट लेखी देत असेल तर वाढीव वॉरंटी घ्यायला माझी ना नाही. पण आवाज येतो आणि चित्र काळं, हा जो नेहमीचा आजार आहे, तो पुष्कळदा आतल्या एलईडी पट्ट्या गेल्याचा असतो. आमच्या वडगावातला दुरुस्तीवाला त्या बदलून देतो, पॅनेलच्या मानाने किरकोळ पैशात. पॉवर सप्लायचा बोर्डही तोच करतो. या बिघाडांसाठी आधीच तीन हजार भरून ठेवायचे, आणि वर यांच्या त्या टॅबवरच्या अटींत असंही लिहिलेलं की दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर दरवर्षी घसारा, म्हणजे टीव्ही जुना झाल्याची घट, कापून उरलेली रक्कम मिळेल, तीही रोख नाही, त्याच दुकानाचं व्हाउचर! म्हणजे आमच्याच पैशाने आम्ही पुन्हा त्यांच्याच दारात.

मी नाही म्हटलं. त्यावर "मग हा डिस्काउंट बसत नाही सर, हा रेट वॉरंटीसकटचा आहे" हे सुरू झालं. आता आवाज चढवला. भाव ठरताना वॉरंटीचं नाव तरी काढलं होतं का? एक वस्तू हवी तर दुसरीही घेतलीच पाहिजे अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधात्मक व्यापार प्रथा म्हणून धरलं आहे. हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आत्ता लावू का, असं विचारलं. जिल्हा ग्राहक आयोग बेळगावातच आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मॅनेजर आत गेला, बाहेर आला, आणि ठरलेल्या भावात बिल झालं. एवढं बोलायला लागावं का? ज्याला हे माहीत नाही, ज्याला चारचौघांत आवाज चढवायचा संकोच वाटतो, तो मुकाट्याने २,९९९ देऊन बाहेर पडतो. दिवसभरात असे किती जण असतील?

त्या पोरावर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. विशीतला पोरगा, खेड्यातून बसने येऊन दिवसभर उभा. नंतर टीव्ही टेम्पोत चढवताना तोच हळू आवाजात म्हणाला, "काका, महिन्याला एवढ्या वॉरंट्या घालायच्याच असतात, नाही झाल्या तर सगळ्यांसमोर बोलतात." त्याला आमच्यासमोर उभं करून वरचे लोक एसीत बसतात. शरम त्यांना वाटायला पाहिजे.

वाचलेल्या पैशातून मी इलेक्ट्रिशियन बोलावला. अर्थिंग नीट करून घेतलं आणि मेन बोर्डाजवळ जास्त व्होल्टेज आलं की लाइन तोडणारं उपकरण बसवलं. दुकानात वॉरंटी नको म्हटल्यावर स्टॅबिलायझर गळ्यात मारायला बघत होते. आजचे बहुतेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्या मर्यादेतल्या कमी व्होल्टेजने त्यांना काही होत नाही. मारक ठरतं ते जास्तीचं व्होल्टेज. हे उपकरण टीव्हीबरोबर फ्रिज, मिक्सर, मोटर सगळंच सांभाळतं. आणि आभाळ गरजायला लागलं की प्लगबरोबर डिशची वायरही काढायची, हे आईला शिकवलंय. तिने पलीकडच्या काकूंनाही सांगितलं.

दुकानातून अजून फोन येतात. "ऑफर आज संपते, सर." दर वेळी आजच संपते. मी एकच सांगतो: अटी छापील पाठवा, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, वीज आणि व्होल्टेज धरता की नाही ते पहिल्या ओळीत लिहा, बेळगावात तंत्रज्ञ कुठून आणि किती दिवसांत येणार ते लिहा, खाली सही-शिक्का मारा. मग पैशाचं बोलू. त्यावर "मॅनेजरना विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसराच कुणीतरी पहिल्यापासून सुरू करतो.