दिसायला लागलं म्हणजे डोळा बरा झाला असं नाही

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर ऑपरेशनवरच्या एका लेखात म्हटलंय की त्यानंतर दुसऱ्याच दिवशी माणूस कामाला लागतो. लॅसिक या प्रकाराच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्यामुळे पुढची काळजी घेणं राहून जातं. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर देतात आणि तो पुन्हा जागेवर ठेवतात. टाके नसतात. म्हणूनच डोळे अजिबात चोळायचे नाहीत, आणि झोपेत नकळत हात जातो म्हणून सुरुवातीला प्लास्टिकचं कवच लावून झोपायचं. पीआरके या दुसऱ्या प्रकारात पापुद्रा नसतो, वरचा थरच काढतात. तो भरून यायला साधारण ३ ते ५ दिवस लागतात आणि ते दिवस खरंच दुखरे असतात.

मला जास्त सांगायचंय ते कोरडेपणाबद्दल. कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्या पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. माझ्या ऑपरेशननंतर सकाळी पापणी आतून चिकटल्यासारखी वाटायची, उठल्याउठल्या माझा हात आधी उशाजवळच्या थेंबांकडे जायचा. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. थेंब वारंवार घालावे लागणार असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, ती बहुतेकांची हळूहळू कमी होतात. तोवर रात्रीची गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

आणि चाळिशीच्या आसपास असाल तर डॉक्टरांना आधीच विचारा. दूरचा नंबर गेला तरी वाचायला चष्मा लागू शकतो.