"डिलिव्हरी फ्रीच ठेवा, गिऱ्हाईकाला कळत नाही" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंधरा दिवस आधी रात्री साडेनऊला ताईचा अमळनेरहून फोन. ती घरी कुरडया, पापड, मसाला करून विकते. "भाऊ, पुण्याच्या पार्सलचे ३८९ रुपये घेतले रे कुरिअरवाल्यानं. आते काय करानं?" ऑर्डर किती रुपयांची, तर ६०० ची. दोन किलो कुरडया, ३०० रुपये किलोनं. आणि वर स्टेटसला टाकलेलं 'संपूर्ण भारतात डिलिव्हरी फ्री'. म्हणजे तीन दिवस गहू भिजत घाला, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, शिजवा, गच्चीवर उन्हात सोऱ्या दाबत बसा आणि हातात उरतात २११ रुपये, त्यातून गहू, गॅस आणि मदतीला आलेल्या दोन बायांची मजुरी.

हे फ्रीचं कोणी डोक्यात घातलं विचारलं तर तिनं एक मेसेज पाठवला, 'घरबसल्या विक्री करणाऱ्या भगिनींसाठी शिपिंगचे ५ नियम'. चार दिवसांत तोच मेसेज मला अजून तीन ग्रुपवर दिसला, एक तर आमच्याच नात्यातला. मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, बारा वर्षं झाली, रोज पार्सल आणि बिलं यातच असतो, म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

मेसेजमधले नियम थोडक्यात असे. एक, शिपिंग नेहमी फ्री ठेवा आणि खर्च किमतीत घाला, गिऱ्हाईकाला कळत नाही. दोन, कुरिअर वजनावर चालतं, माल हलका तर खर्च कमी. तीन, नाहीतर वस्तूची किंमत कमी दाखवा आणि शिपिंग-हँडलिंग जास्त लावा, शिपिंगवर जीएसटी लागत नाही आणि माल परत आला तरी शिपिंग परत द्यावी लागत नाही. चार, पॅकिंगचे पैसे वेगळे घेणं म्हणजे लूट. पाच, सीओडी (पार्सल हातात आल्यावर पैसे) द्याच, विश्वास बसतो, आणि परत आलं तरी माल आपलाच. आता पहिला नियम म्हणतो फ्री ठेवा आणि तिसरा म्हणतो जास्त लावा, हे लिहिणाऱ्यालाही दिसलं नाही आणि पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही!

तिसऱ्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यांनी पैसे जातात, यानं माणूस अडकतो.

मेसेजमधलं उदाहरण आहे ३०० रुपयांच्या मसाल्याचं. बिलावर मसाला ५० दाखवा, शिपिंग-हँडलिंग २५०, कर फक्त ५० वर भरा. जीएसटीचा कायदा २०१७ चा, त्यात कलम २ चं पोटकलम ३० काढून बघा. तिथं संमिश्र पुरवठा म्हणजे काय हे सांगताना कायद्यानंच जे उदाहरण दिलंय ते नेमकं आपल्या धंद्याचं आहे: माल पॅक करून, विमा उतरवून, वाहतूक करून दिला तर माल, पॅकिंगचं सामान, वाहतूक आणि विमा हे सगळं मिळून एकच पुरवठा, आणि त्यात मुख्य पुरवठा मालाचा. पुढे कलम ८ म्हणतं की अशा वेळी मुख्य मालाचा जो दर तोच सगळ्याला. आणि कलम १५ मध्ये किंमत कशी धरायची ते सांगताना पॅकिंगचा खर्च नाव घेऊन आत धरलाय. म्हणजे मसाल्याला ५ टक्के तर त्याच्या कुरिअरच्या ओळीलाही ५ टक्के, ती ओळ तुम्ही शिपिंग म्हणा, हँडलिंग म्हणा नाहीतर सेवा शुल्क म्हणा. बरं वाचतं किती तेही बघा, ३०० वर कर १५ रुपये, ५० वर अडीच. साडेबारा रुपयांसाठी खोटं बिल करायला सांगतायत आपल्या बायांना, आणि नोटीस आली की हा मेसेज लिहिणारा काही सोबत येऊन उभा राहणार नाही.

यात खरं आहे ते एवढंच की पापडावर जीएसटी शून्य आहे, म्हणून पापडाच्या पार्सलवरच्या डिलिव्हरीलाही शून्य. कोणीतरी पापडवालीचं बिल बघितलं असेल आणि 'शिपिंगवर कर नाही' असा नियम करून टाकला. अहो, कर नाही तो पापडामुळे, शिपिंगमुळे नव्हे. आणि गिऱ्हाईकानं स्वतःचा माणूस पाठवून किंवा स्वतः कुरिअर लावून माल नेला तर तो खर्च आपल्या बिलात येतच नाही, ती गोष्ट वेगळी.

याच नियमाखाली बारीक अक्षरात आहे की '४० लाखांपर्यंत जीएसटी विसरा'. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकलात तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही, बरोबर. पण आपल्या खान्देशातून माल जातो कुठे? अमळनेरहून सुरतेची गाडी धरली की नंदुरबार मागे पडल्यावर गुजरात लागतंच, उधना-लिंबायतला घरटी एक ओळखीचं निघतं, रावेरवाल्यांना बऱ्हाणपूर शेजारचं. कर लागणारा माल दुसऱ्या राज्यात विकला की कलम २४ प्रमाणे रजिस्ट्रेशन सक्तीचं, उलाढाल लाखाची असली तरी. फक्त करमाफ माल विकणाऱ्याला त्यातून सूट आहे, म्हणजे नुसते पापड सुरतेला पाठवणारी सुटली, पण ताई काळा मसालाही पाठवते म्हणून तिचं रजिस्ट्रेशन आम्ही मागच्याच वर्षी करून घेतलं.

आणि माल परत आला तरी शिपिंग परत द्यायची नाही म्हणून तिथंच पैसे दाबून ठेवा, हे वाचून तर मला चीडच आली. ५० चा मसाला म्हणून बोलवायचं आणि पैसे भरताना २५० वर लावायचे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले, त्यात विकणाऱ्यानं एकूण किंमत एका आकड्यात सांगायची आणि त्यातले डिलिव्हरी, पोस्टेज, हँडलिंग, कर असे तुकडेही दाखवायचे असं स्पष्ट आहे. २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ऑनलाइन गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांत तर आधी कमी किंमत दाखवून मग थेंबथेंब वाढवण्याला नाव देऊन मनाई केलीय. 'आम्ही काय कंपनी आहोत का' असं कोणी म्हणेल, पण सूट आहे ती एखाद्यानं घरातली जुनी वस्तू विकली तर, नियमित धंदा करणाऱ्याला नाही. ताई दर आठवड्याला पंधरा पार्सलं पाठवते, तो धंदाच आहे.

आता दुसरा नियम, ज्यानं ताईचे ३८९ गेले. हलका माल म्हणजे कमी खर्च. आमच्या कारखान्यात नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवावं लागतं, कारण चटई हलकी आणि जागा खाणारी. कुरिअरवाला काट्यावरचं वजन बघतो आणि बॉक्सचं मापही घेतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, जे येईल ते किलो, आणि काट्यावरचं आणि हे यात जे जास्त त्याचे पैसे. काही ठिकाणी ५००० पेक्षा लहान आकड्यानं भागतात, मग वजन अजून वाढतं.

ताईचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी अमळनेरला गेलो आणि तिला म्हटलं त्या दिवशी भरलेला तसाच बॉक्स आण. तिनं किराणा दुकानातून मागून आणलेलं बिस्किटाचं खोकं काढलं. टेपनं मोजलं, ४० बाय ३० बाय २५. गुणाकार ३०,०००, भागिले ५०००, सहा किलो. आत दोन किलो कुरडया आणि बाकी वर्तमानपत्राचे बोळे! ५५ रुपये किलोनं ३३०, त्यावर कुरिअरचा १८ टक्के जीएसटी, झाले ३८९. मग आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून कुरडया चारचारच्या चळती करून पिशवीत घातल्या, पिशव्या उभ्या आडव्या लावून बघितल्या, ३० बाय २५ बाय २० च्या बॉक्समध्ये बसल्या सगळ्या, फक्त वरच्या थराखाली एक पुठ्ठा घालावा लागला. १५,००० भागिले ५०००, तीन किलो, करासकट १९५ रुपये. माल तोच, गाव तेच, खर्च निम्मा. केळीच्या वेफर्सचंही असंच, हवा भरलेली पाकिटं म्हणजे हवेचे पैसे. काळ्या मसाल्याला मात्र मेसेज चालेल, तो जड आणि आटोपशीर, तिथं काट्यावरचंच वजन लागतं. म्हणून सगळ्या मालाला एक दर ठरवून चालत नाही, आणि गिऱ्हाईकाला आकडा सांगायच्या आधी बॉक्स मोजायचा.

पहिला नियम, फ्री आणि किमतीत घाला. ताईचा अर्धा किलो उडदाचा पापड १६० ला. त्यात ९० घालून २५० केला असं धरू. एक पाकीट घेणाऱ्याचं जमलं. चार पाकिटं घेणाऱ्याकडून तुम्ही डिलिव्हरीचे ३६० घेतले, आणि चार पाकिटांचं एक पार्सल तीन किलोच्या आत बसतं, १९५ मध्ये जातं. म्हणजे जी बाई जास्त माल घेते तिलाच जास्त लुटायचं. गुवाहाटीला एक पाकीट गेलं तर ९० पुरणार नाहीत, ते वेगळंच. आणि गल्लीतल्या वहिनी, ज्या घरी येऊन पिशवीत पापड घेऊन जातात, त्यांनी कुरिअरचे ९० कशाला द्यायचे? त्यांना १६० सांगितलं तर त्यांची सुरतची नणंद फोनवर भाव विचारणारच, आपल्याकडे हे चोवीस तासांत कळतं. 'गिऱ्हाईकाला कळत नाही' हे लिहिणाऱ्यानं कधी खान्देशात दोन रुपयांची वस्तू विकलेली नसणार.

हो, फ्री बघून माणूस पटकन घेतो, हे मला मान्य करावं लागेल, मी स्वतः तसंच करतो. पण ते जमतं मोठ्या ऑर्डरला, जिथं नफ्यातून कुरिअर निघतं. दीड हजाराच्या वर, महाराष्ट्रात, आणि मसाला-पापडासारख्या मालाला फ्री ठेव असं मी ताईला सांगितलं. कुरडयांना नाही.

चौथं, पॅकिंगचे पैसे म्हणजे लूट. बॉक्स विकत घेतला तर २० ते २५ रुपये, टेप, पिशव्या, पुठ्ठा, आणि बसून भरायला वीस मिनिटं. हे कोणी द्यायचं? १५० च्या मालावर १०० रुपये हँडलिंग लावणारे आहेत, त्यांना लूट म्हणा, मीही म्हणेन. पण ३५ रुपये पॅकिंगचे घेणाऱ्या बाईला अपराधी वाटायला लावू नका. पोहोचल्यावर कुरडईचा चुरा निघाला तर शिव्या तिलाच बसतात.

सीओडीचं मेसेजमध्ये सगळ्यात गोड लिहिलंय. पार्सल घेतलं नाही की ते परत येतं आणि जायचे पैसे लागले तसेच यायचेही लागतात, दोन्ही विकणाऱ्याकडून, वर सीओडीचा चार्ज वेगळा. आणि 'माल आपलाच' म्हणजे काय, दहा-बारा दिवस गोदामं फिरून आलेले बिबडे (ज्वारीचे पापड) परत विकता येतात का? ताईकडे मागच्या पावसाळ्यात दोन पार्सलं परत आली, गायीला घातली. अनोळखी माणूस आधी सगळे पैसे टाकायला कचरतो हेही खरं, म्हणून किमान डिलिव्हरीएवढे पैसे यूपीआयनं आधी घ्यायचे, बाकीचे पार्सल निघायच्या दिवशी बॉक्सचा फोटो पाठवून.

ताईनं आता स्टेटस बदललंय. अमळनेरात घरून न्यावे, डिलिव्हरी नाही. बाहेरगावी पिनकोड आणि माल सांगा, बॉक्स मोजून माल, पॅकिंग, कुरिअर आणि कर धरून एकच एकूण आकडा सांगू, हिशेबही पाठवू. सुरतेला कोणी ओळखीचं जात असेल तर त्याच्या हाती पाठवू, त्याचे पैसे नाहीत. पहिल्या दिवशी नाशिकच्या एकीनं 'मागच्या वेळी तर फ्री होतं' म्हणून ऑर्डर सोडली. पुण्याच्या त्याच बाईंना परत दोन किलो कुरडया हव्या होत्या, त्यांना ६०० अधिक ३५ अधिक १९५, एकूण ८३० सांगितले. त्यांनी विचारलं, त्याच बॉक्समध्ये अर्धा किलो मसाला बसेल का. ताईनं टेप घेऊन बॉक्स बघितला आणि बसेल म्हणाली.