‘सॅटेलाइटला सगळं दिसतं’ हे कोकणात खरं नाही

कोकणातल्या गावांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: आता सॅटेलाइटला सगळं दिसतं, गायरान कुठलं, जंगल किती, कांदळवन कुठवर, कोणाची हद्द कुठे, हे मोबाइलवर बसल्या जागी कळतं, म्हणून मोजणी, पंचनामे आणि ग्रामसभेचे ठराव यांची गरज संपली. मी हे नकाशे रोज वापरतो आणि ते फार कामाचे आहेत असं मानतो. पण या मेसेजवर विसंबून एखाद्या गावाने सरकारी आराखड्यावर हरकतच नोंदवली नाही, तर नुकसान त्या गावाचं आहे. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

“सॅटेलाइटला सगळं दिसतं.” आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी फुकट चित्रं सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची असतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. एवढा मोठा हत्ती, पण या चित्रात तो जेमतेम दोन ठिपक्यांचा, आणि त्याच्या रेषा तर बोटभर रुंदीच्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेली कोकणातली कातळशिल्पं उपग्रहाने शोधलेली नाहीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवले, गुराख्यांना आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तेव्हा ती पुढे आली.

शिल्पं बाजूला ठेवली तरी सडा उरतोच. एप्रिल-मे महिन्यात वरून पाहिला तर तो काळा, उघडा कातळ असतो. नकाशा करणारा त्याला ‘खडकाळ पडीक’ या रंगात टाकतो, आणि सातबाऱ्यावर आधीच ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असतं. तोच सडा ऑगस्टमध्ये बघा. वीतभर खोल खळग्यांत पाणी साचलेलं, कडेने गेंदाची पांढरी फुलं, ओलसर मातीच्या पातळ थरावर सीतेची आसवं जांभळी पसरलेली, पलीकडे गावची गुरं चरताहेत. जांभ्यात मुरलेलं हे पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि पऱ्यांना (ओढ्यांना) येतं. पण जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर ढग असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत साध्या उपग्रहचित्रात ढगांशिवाय फारसं काही मिळत नाही. ढगातून पाहणारे रडार उपग्रह आहेत, पण त्यांना ओल आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा कळतो, गेंद फुललाय की नाही ते कळत नाही. मग हाताशी राहतात उन्हाळ्यातली चित्रं. त्यांच्यावरून सडा ‘रिकामी जागा’ ठरतो आणि प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्याचं बोट आधी तिथेच पडतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त चिंता याचीच वाटते.

“मोबाइलवर दिसते तीच हद्द.” मुळीच नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो, आंब्याच्या दाट बागेत किंवा घळीत त्याहून जास्त. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि पाच मीटर म्हणजे सोळा फूट. गुंठ्याची अर्धी बाजू फोनच्या चुकीतच गेली! गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, उभं राहून बघा, तुमचा निळा ठिपका कधी तुमच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) असतो, कधी शेजाऱ्याच्या. शिवाय मोबाइलवर दिसणाऱ्या जमिनीच्या गटांच्या रेषा जुन्या कागदी नकाशांवरून आलेल्या असतात आणि उपग्रहचित्रावर त्या तंतोतंत बसत नाहीत. भूमी अभिलेख खात्याचं मोजणीचं यंत्र, रोव्हर, काही सेंटीमीटरपर्यंत अचूक असतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हद्दीचा दगड नेमका कुठला, हे ठरवायला लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन बांधावर बोलवावंच लागतं.

“नकाशात हिरवं वाढलं, म्हणजे जंगल वाढलं.” भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठं, दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेलं कुठलंही क्षेत्र वनाच्छादन धरलं जातं, मग मालकी आणि झाडं कुठलीही असोत. म्हणजे हापूसची बाग, काजूची लागवड आणि दोडामार्गातलं रबर, सगळं त्यात आलं. डोंगरावरचं जंगल तोडून रबर लावलं तरी काही वर्षांत आकडा पुन्हा हिरवा होतो. उलट एक हेक्टरपेक्षा लहान देवराई त्या नकाशावर येतच नाही.

“कांदळवन कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.” हे खरं आहे, आणि खाडीत भराव टाकणारे या चित्रांमुळेच पकडले जाऊ शकतात. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन कोणाचीही असो. ती बंदी मला पूर्ण मान्य आहे. पण चित्रात कारण दिसत नाही. खारभूमीच्या बांधाला खांड पडली, दुरुस्ती झाली नाही, भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि पाच-दहा वर्षांत तिथे कांदळ उभं राहिलं, तर नकाशा एवढंच सांगतो की कांदळवन वाढलं. बांध कधी फुटला आणि शेतकऱ्याने किती अर्ज केले, हे गावाच्या दप्तरातच सापडेल.

“ग्रामसभेची गरज उरली नाही.” कायदा नेमकं उलट सांगतो. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक ठरू शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. रायगडच्या कातकरी वाड्यांच्या दळीच्या (वनजमिनीवरच्या डोंगरउताराच्या शेतीच्या) दाव्यांना हा नियम थेट लागू आहे. किनाऱ्यावरही तसंच. मच्छीमारांच्या सामाईक जागा, जेट्टी, मासळी वाळत घालायच्या जागा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) आराखड्यात दाखवायच्या असतात. त्या दाखवणार कोण? वरून पाहिलं तर मासळी सुकवायची जागा नुसती रिकामी वाळू दिसते. वीस मीटरची जागा १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटरही भरत नाही, १:४,००० वर ती अर्धा सेंटीमीटर होते. म्हणून या आराखड्यावर हरकत देताना १:४,००० चाच नकाशा मागून घ्या, त्यावर जागा खुणेने दाखवा, अक्षांश-रेखांश लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि अर्जाची पोच घ्या.