परत येतलंस मां?

परदेशी विद्यापीठात पाहुणा संशोधक म्हणून जायचं तर विद्वत्तेचं काय ते अर्जातच आटोपतं. पुढचे सगळे महिने सिद्ध करायचं असतं ते एवढंच, की हा माणूस परत येणार आहे.

अमेरिकेच्या कायद्यात 214(ब) नावाचं एक कलम आहे. व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच निघालाय, असं ते धरूनच चालतं. तसं नाही हे पटवायची जबाबदारी त्या माणसाची. मालवण तालुक्यात या कलमाचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आमच्या वाडीतून मुंबईला गेलेला प्रत्येकजण 'चार वर्षं नोकरी करतंय आणि येतंय' असंच सांगून गेलाय, आणि त्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या आमच्या खुंटीला लटकतायत.

मला मिळाली होती फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं बरंच लष्करी सामान परदेशात पडून होतं. ते विकून आलेल्या पैशातून विद्वानांची देवाणघेवाण करावी, ही सिनेटर फुलब्राइट यांची कल्पना. 1946 साली तिचा कायदा झाला. भारताशी करार झाला 2 फेब्रुवारी 1950 ला, आणि नेहरूंचं नाव जोडलं गेलं 2008 मध्ये. हा इतिहास मी थोरल्या काकांना रंगवून सांगितला. त्यांनी सारांश काढला, "म्हणजे भंगाराचे पैसे."

माझा विषय कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटी. जायचं होतं फ्लोरिडाला, जिथे कांदळाच्या मुख्य जाती तीन. तांबडी, काळी, पांढरी. काका म्हणाले, "तीन बघूक अमेरिकेत? आमच्या खाडयेत उतार, घुडग्याभर चिखलात पाच दाखवतंय." शास्त्रीयदृष्ट्या यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॉलेजात वेगळीच गंमत. व्हिसासाठी शिष्यवृत्तीतर्फे येणारा मुख्य कागद म्हणजे 'डीएस-2019'. तो ना हरकत प्रमाणपत्राच्या फायलीला जोडला, तर हेडक्लार्कनी चष्म्यावरून बघितलं. "सर, हा जुना फॉर्म आहे. चालू सालचा आणा." ते फॉर्मचं नाव आहे, साल नाही, हे मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेरा मारला : 'जुना फॉर्म. अर्जदाराच्या जबाबदारीवर.'

पण खरं महाभारत घडलं ते सातबाऱ्यावरून. व्हिसाच्या मुलाखतीला जाताना मायदेशी तुमची मुळं घट्ट आहेत असं दाखवणारे कागद जवळ असू द्यावेत, असं एका अनुभवी मित्राने सुचवलं. नोकरीचं पत्र, बँकेचं पासबुक आणि जमीन. कोकणात जमीन म्हणजे सामाईक जमीन. आमच्या सातबाऱ्यावर आजोबा आहेत, आजोबांचे भाऊ आहेत, त्यांच्या लग्न होऊन गेलेल्या बहिणी आहेत. बहुतेक मंडळी कैलासवासी, वारसनोंद कुणी केलेली नाही. वडील नाहीत, मी तर नाहीच. तरीही मी तलाठ्याकडे उतारा मागितला आणि संध्याकाळपर्यंत ते वाडीभर झालं. अमेरिकेला जायला सातबारा लागतो यावर विश्वास ठेवण्याइतकी भाबडी भावकी कोकणात अजून जन्मायची आहे. वाटप मागणार, हाच निष्कर्ष निघाला. विरारचा चुलतभाऊ, जो काकांच्या आजारपणात रजा मिळत नाही म्हणून आला नव्हता, तो तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून दाराशी हजर! चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारता झाला, "खालच्या कलमांचं काय ठरवलंस?"

कलमांवरून आठवलं. हापूसला अमेरिकेची दारं 2007 साली उघडली. किडीच्या भीतीने त्याला आधी 400 ग्रे किरणांचा मारा सोसावा लागतो, पण परत येशील का, असं त्याला कुणी विचारत नाही. असो.

काकीला काळजी विम्याची. जे-1, म्हणजे माझ्यासारख्या पाहुण्या संशोधकाच्या व्हिसावर जाणाऱ्याचा विमा सक्तीचा : दर आजारामागे किमान 1,00,000 डॉलरचे उपचार, आणि तिथे बरंवाईट झालं तर देह मायदेशी पोचवायला 25,000 डॉलर. हे दुसरं कलम मी मनातल्या मनात वाचणार होतो. काकीने मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून तिचा चेहरा खुलला. "मेल्यार तरी घराक हाडतत मां? मगे जा बापड्या."

एवढ्यात लक्षात आलं की त्यांचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि यंदा गणपतीची पाळी आमची. यजमान प्राध्यापकांना मी लिहिलं की कौटुंबिक धार्मिक जबाबदारीमुळे काही आठवडे उशिरा येतो. फार सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, ही जबाबदारी ऑनलाइन पार पाडता येईल का? मी ते काकांना सांगितलं. काकांनी माळ्यावरच्या माटवीकडे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीकडे, बोट दाखवलं आणि ती ऑनलाइन कशी बांधतात हे त्या प्राध्यापकाला विचारायला सांगितलं. गणपतीनंतरची तारीख मिळाली.

मुंबईतली मुलाखत जेमतेम चहा निवेल इतका वेळ चालली. काय शिकवता, कुठे जाताय, कांदळवन म्हणजे काय. सातबारा, पासबुक, जुन्या फॉर्मचा शेरा, सगळं पिशवीतच राहिलं. मंजूर.

फ्लोरिडातले महिने छान गेले. त्यांत विनोदी काही नाही. एक मात्र सांगतो. तिथे कांदळ छाटण्याबाबत 1996 चा स्वतंत्र कायदा आहे, कारण घरातून पाणी दिसावं म्हणून लोक फांद्यांवर सुरी चालवतात. कुणी किती उंच छाटलं यावरून दोन शेजारी तावातावाने बोलत होते, तेव्हा मला एकदम भावकीत आल्यासारखं वाटलं.

आणि मी परत आलो. काकांना ते जरा अनपेक्षितच होतं. म्हणून त्यांना कागदावरची अट दाखवली : ही शिष्यवृत्ती घेतलेल्याने आधी मायदेशात एकूण दोन वर्षं काढायची, त्याशिवाय तिकडे नोकरीचा एच व्हिसा नाही की कायमचं वास्तव्य नाही. काकांनी चष्मा लावून ती ओळ बोटाने दोनदा वाचून काढली.

"ह्येची एक झेरॉक्स दी," ते म्हणाले. "विरारच्याक धाडतंय. दोन वर्षां रवांदेत, तू थय दोन म्हयने लिव."