‘परखड पुणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

परखड पुणेकर,

(खरं नाव दिलं नाहीत, म्हणून हेच चालवून घ्या.)

ईशापूर 2ए1 रायफल घेतल्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पाल्हाळ वाचून कीव आली. ही रायफल म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीला नवी नळी ठोकून केलेला जुगाड. त्यात दुकानातली .308 घालून उडवताय, एक दिवस डोळा जाईल. अमेरिकेत बसून भंगार जमवायची हौस. विकून टाका.”

पाल्हाळ मान्य. ग्रीस काढण्याचं वर्णन निम्म्यात आटपलं असतं. पण कीव? शंका असेल तर विचारा, चूक दिसली तर दाखवा. इथे येणाऱ्या कुणालाही मी आजवर उणा शब्द बोललेलो नाही, आणि टोपणनावाआडून तर मुळीच नाही. एवढ्या अधिकारवाणीने सुनवायचं तर आधी ती वस्तू एकदा हातात घेतलेली असावी, ही माफक अपेक्षा.

आता तुमचा ‘जुगाड’. माझ्या रायफलीच्या बोल्टच्या दांड्याखाली, बट (मागचा लाकडी दस्ता) जिथे लोखंडात बसतो तिथे, अशोकस्तंभाचे सिंह आहेत, खाली आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी, ईशापूर) आणि 1967. इंग्रजी अमदानीतली जुनी थ्री-नॉट-थ्री असती तर तिथे इंग्रजांचा मुकुट दिसला असता. 1962 च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्याला 7.62 ची काडतुसं चालणारी, कमी खर्चाची राखीव रायफल हवी होती. तेव्हा बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने हाताखालचाच ली-एनफिल्डचा, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचा, नमुना घेतला आणि नव्या काडतुसासाठी रायफलच नवी घडवली. नळी नवी, तशी तिच्यामागची बॉडीही नवी, आणि तीही आधीपेक्षा चांगल्या पोलादाची. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, 7.62 ला नसते. त्यामुळे काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलावा लागला. मॅगझिनही बदललं. जुनं तिरकं, हे चौकोनी खोक्यासारखं सरळ, लांबूनही ओळखू येतं. नेम धरायची मागची साइटही 2000 यार्डांऐवजी 800 मीटरपर्यंतच आखलेली आहे. इतकं सगळं ‘ठोकून’ होत नाही हो.

तुम्ही जे कुठेतरी वाचलंय ते बहुधा ब्रिटिशांचं आहे. त्यांनी त्यांच्या नंबर 4 स्नायपर रायफलींना 7.62 ची नळी बसवून 1970 च्या सुमारास एल42ए1 केली. ती खरी रूपांतरित. आणि ती 1982 मध्ये फॉकलंडच्या लढाईत वापरली गेली, तेव्हा तुमच्या हिशेबाने किती ब्रिटिश स्नायपरांचे डोळे गेले तेही सांगा.

माझं म्हणाल तर मी पोलीस लाइनीत वाढलोय. वडील एसआरपीत होते. थ्री-नॉट-थ्रीच्या पितळी बटप्लेटवरचा डाग आणि नळी साफ करायच्या दोरीला, फुलथ्रूला, लावलेली तेलकट चिंदी मी शाळेत जायच्या आधीपासून बघतोय. पुढे एनसीसीच्या कॅम्पात तीच रायफल खांद्याला लागली आणि हंसळीखाली जांभळा डाग घेऊन घरी आलो, तेव्हा वडील हसले होते आणि बट खांद्याच्या खळगीत कसा दाबून धरायचा ते त्यांनी लाटणं घेऊन दाखवलं. तेव्हा मला ‘एक दिवस डोळा जाईल’ हे तुम्ही शिकवू नका. ओहायोतल्या गन शोमध्ये ही रायफल दिसली, तेव्हा बोल्ट काढून, नळीत उजेड पाडून आधी रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) पाहिलं. बंदूक खरेदीचा इथला सरकारी फॉर्म 4473 भरून ती घरी आणली. पहिला राउंड उडवण्याआधी गनस्मिथकडे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, मोजून घेतला. गो गेजवर बोल्ट बंद होतो, नो-गोवर होत नाही, म्हणजे माप बरोबर. हे सगळं मूळ लेखात आहे, पण लेख तर पाल्हाळ.

.308 म्हणजे सैनिकी 7.62 चं दुकानात मिळणारं नागरी भावंड. तिच्या दाबाचा वाद जुना आहे, त्यात इथे शिरत नाही. मी बहुतेक वेळा सैनिकी 7.62 च वापरतो.

अमेरिका वगैरे टोमण्यांना उत्तर द्यायची गरज वाटत नाही. भारतात असतो तर ही रायफल घेताच आली नसती, कारण .303 आणि 7.62 दोन्ही तिथे सामान्य माणसाला निषिद्ध बोअर (नळीचं माप). म्हणूनच तर ईशापूरच्याच कारखान्याने त्याच घाटाची .315 लायसन्सवाल्यांसाठी काढली. तुमच्या ओळखीत एखाद्या शेतकऱ्याकडे असेल तर बोल्ट उघडून बघा, बोलण्यात थोडा फरक पडेल.

आणि नाही, विकणार नाही. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, नाहीतर प्रतिक्रिया उडवीन.