गिटार आणि सिंथचं जमत नाही, म्हणे!

गोव्यातल्या वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: खरी गिटार आणि सिंथ (कीबोर्डवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज) एका मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेल्या गाण्यात, नांदत नाहीत, गिचका होतो. ठेवायचीच तर गिटारचं 200 हर्ट्झखालचं सगळं कापा, सिंथ डावी-उजवीकडे पूर्ण पसरवा, दोघांवर एकच रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, घाला.

गिचका होतो, हे खरं. पण भांडण वाद्यांचं नाही, सप्तकाचं आहे. गिटारवर मोकळे कॉर्ड वाजतात त्याच सप्तकात कीबोर्डवाला डाव्या हाताने तेच कॉर्ड दाबून धरतो. मग ईक्यू (आवाजातलं जाड-बारीक कमीजास्त करणारं बटण) कितीही फिरवा!

200 चा आकडा मात्र खरोखर नुकसान करतो. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवर वाजते, पुढच्या तीन 110, 147 आणि 196 वर. म्हणजे सहापैकी चार मोकळ्या तारांचा मूळ सूर कात्रीखाली आला. बास-ड्रम भरून वाजताना नुसतं स्ट्रमिंग असेल तर चालून जातं, तिथे गिटार जवळजवळ खंजिरीचंच काम करते. पण सुरुवातीला एकटीच बोटांनी छेडलेली गिटार अशी कापलीत तर डब्यात खडे हलवल्यासारखी वाजेल. तिथे मी 70-80 च्या वर जात नाही. ड्रम आले की ऑटोमेशनने, म्हणजे गाणं चालू असताना आपोआप, तो कापणारा फिल्टर वर सरकवतो.

आता पसरवण्याचं. सिंथच्या पॅडचं (मागे लांब धरलेल्या मऊ सुरांचं) रुंदपण पुष्कळदा कोरस नावाच्या इफेक्टमधून येतं, त्यात डावा-उजवा आवाज एकमेकांच्या उलट डोलतात. हेडफोनवर स्वर्ग! जत्रेतल्या नाटकाच्या मांडवात किंवा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दोन्ही बाजू बहुधा मोनोत, म्हणजे एकाच आवाजात, एकत्र होतात आणि ते उलटे भाग एकमेकांना खातात. पॅड अर्धा गायब. मिक्स मोनोत ऐकल्याशिवाय बाहेर पाठवू नये, एवढं तरी करा.

रिव्हर्बचं अर्धं पटतं. छोट्या खोलीचा थोडासा दोघांना द्या, पॅडचा लांबलचक मात्र गिटारवर नको, छेड बुडते. उलट पॅडचा अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, 50-100 मिलिसेकंद ठेवा, म्हणजे गिटारची छेड आधी कानावर येते.

मेसेजात नसलेली एक गोष्ट पावसाळ्याची. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचा सूर सरकतो. सिंथ आपला 440 वर ठाम. गिटारचा तोच सूर 442 झाला की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि लोक म्हणतात, ‘डिजिटल आवाज मिसळत नाही.’ आपल्या घुमट वाद्याचं चामडं सैल पडलं की आपण त्याला ऊन दाखवतो, घुमटाला दोष देत नाही. गिटारही प्रत्येक टेकआधी (रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फेरीआधी) ट्यून करा की.

गेल्या चतुर्थीला एका आरतीच्या मिक्सवर आम्ही तीन तास ईक्यूशी झटापट करत होतो. शेवटी कीबोर्डवाल्याला म्हटलं, ‘बाबा, डावा हात खिशात घाल.’ चहा यायच्या आत गाणं झालं.